पेटीतले बोंबील

मी आश्रमाचीच. बाकीच्या मुली कुठून ना कुठून आलेल्या. कुणी डोंगरातल्या पाड्यावरून, कुणी पालघर स्टेशनावर सापडलेली, कुणाला मामाने आणून सोडलेलं. मला मात्र तान्ही असतानाच कुणीतरी व्हरांड्यात ठेवून गेलं होतं. त्यामुळे तिथली विहीर, चिंच आणि आमच्या बाई यांच्यावर माझा हक्क सगळ्यांच्या आधीचा, असा माझा समज होता. नवी मुलगी आली की तिला सगळं दाखवायला मी पुढे, आणि दाखवताना "ही आमची विहीर, ही आमची चिंच" असा तोरा. आईबाप मला आठवतच नव्हते, तेव्हा त्यांच्यासाठी रडायचा प्रश्न नव्हता. खरं सांगायचं तर मी मजेत होते.

आश्रम बोईसरहून तारापूरला जाणाऱ्या रस्त्यावर होता, पाम गावाच्या अलीकडे. कौलारू लांबट इमारत, पुढे व्हरांडा, मागे चिंच आणि विहीर. साठच्या पुढची ती वर्षं. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं आणि रस्त्यावरून दिवसभर ट्रक धडधडत जात. आम्ही कुंपणाशी उभं राहून हात हलवायचो, ट्रकवाले हॉर्न वाजवायचे, आणि उडालेल्या धुरळ्यामुळे दोरीवरचे कपडे पुन्हा धुवावे लागायचे. मग बाई ओरडायच्या. बाई म्हणजे आश्रम चालवणाऱ्या आमच्या बाई. पांढरं नऊवारी, जाड भिंगांचा चष्मा, आणि आवाज असा की विहिरीवरून त्यांनी मला हाक मारली तर रस्त्यावरचा गाडीवान बैल थांबवून मागे बघायचा. ओरडायच्या खूप, पण हात कधी कुणावर उगारला नाही.

बाईंनी एक पद्धत घालून दिली होती. मुलगी स्वतःची वेणी स्वतः घालायला लागली की तिच्या पदरात एक लहान मुलगी पडायची. त्या धाकटीची आंघोळ, तिच्या उवा, तिची पाटी, तिची रडारड, सगळं मोठीने बघायचं. नवी मुलगी आली त्याच संध्याकाळी पंगतीत मोठीने धाकटीला पहिला घास भरवायचा आणि मग धाकटीने मोठीला. हा उलटा घास महत्त्वाचा. तो मिळाला की मोठी सगळ्यांसमोर म्हणायची, "ही माझी," आणि पंगत टाळ्या वाजवायची. तेवढं झालं की नातं पक्कं. मी ज्या ताईच्या पदरात पडले होते ती आता सगळ्या मुलींत मोठी होती, प्रार्थनेला पेटी वाजवायची. मी तान्ही आलेली असल्यामुळे तिला उलटा घास मिळाला तो मला दात आल्यावर, आणि घासाबरोबर मी तिचं बोटही चावलं होतं. ती खूण ती आल्यागेल्याला दाखवायची.

माझी वेणी मी कधीपासून घालत होते. वाकडी यायची, पण घालत होते. आणि धाकटीचा पत्ता नव्हता. जी येई ती दुसरीच्या वाट्याला जाई. मला राग लवकर येतो, तेव्हाही यायचा. एकदा तर मी बाईंना जाऊन सांगितलं की आता येईल ती माझी, मग ती शेंबडी असली तरी चालेल.

आणि ती आली. घिवलीच्या पोलीस पाटलांनी तिला आणलं. चार-पाच वर्षांची, काळीसावळी, केस समुद्राच्या वाऱ्याने भुरे झालेले. आई आधीच गेली होती. बाप होडी घेऊन गेला तो परतला नाही. आजीने सांभाळलं, पण पुढे आजीही गेली. पाटील हे सगळं व्हरांड्यात उभे राहून हळू आवाजात सांगत होते आणि ती त्यांच्या धोतराचा सोगा धरून उभी होती. तो तिच्या मुठीतून सोडवून बाईंनी तिची मूठ माझ्या हातात दिली. त्या क्षणी मला इतका आनंद झाला की तिच्या दुःखाकडे माझं लक्षच गेलं नाही.

संध्याकाळी पंगत बसली. वरणभात, वर तुपाची धार. मी घास केला, तिच्या तोंडाशी नेला, आणि तिने ओठ घट्ट मिटले. मी "आ" करून दाखवलं, तिने आणखी मिटले. सगळ्या मुली टाळ्या वाजवायला हात तयार ठेवून बसल्या होत्या. शेवटी एकेकीने हात खाली घेतले आणि जेवायला सुरुवात केली.

पुढचे कितीतरी दिवस हेच चाललं. ती एक अक्षर बोलत नसे. मीठ लावलेला कोरडा भात चिमटीने चार शितं खायची, की झालं. मी गूळ दिला, कैरी दिली, बाईंच्या देवापुढची खडीसाखर मागून आणली. एकदा तिला खिजवायला म्हणून तिच्यासमोर तिचंच ताट मी मिटक्या मारत संपवलं. ती शांतपणे बघत राहिली आणि मला मात्र पोट धरून बसावं लागलं. तरी एक होतं. दिवसभर ती माझ्या परकराचा काठ मुठीत धरून हिंडायची. मी विहिरीवर गेले की ती विहिरीवर, मी शाळेला निघाले की ती फाटकापर्यंत. काठ सोडताना तिचं तोंड असं व्हायचं की मला शाळेत लक्ष लागायचं नाही.

आमच्या पंगतीत एक खेळ चालायचा. वरण पानात पडलं की कुणीतरी म्हणायचं, "आमच्या घरी नागलीची भाकरी असायची." मग दुसरी, "आमच्याकडे करंदी घालून वांगं." डोंगरातली मुलगी आंबाडीच्या भाजीचं सांगायची, स्टेशनावर सापडलेली तर रोज नवं काहीतरी ठोकून द्यायची. आश्रमात मासमच्छीला बंदी. मुंबईचे एक शेठ आश्रमाला धान्य आणि कपडा पुरवायचे आणि त्यांची तेवढीच अट होती. म्हणून हे सगळं नुसतं तोंडी जेवण. या खेळात मी नसायचे. मी भराभर जेवून उठायचे आणि म्हणायचे की मला वरण आवडतं.

पालघरहून डॉक्टर आले. त्यांनी धाकटीची जीभ बघितली, पोट दाबलं, छातीला नळी लावली आणि आजार काही नाही म्हणून सांगितलं. बाईंना ते ऐकून आणखीच घोर लागला. आजार असता तर औषध होतं. तिच्या फासळ्या दिसायला लागल्या होत्या.

एका सकाळी बाईंनी मला चिंचेखाली बोलावलं. "पौर्णिमेला शेठ येतील," त्या म्हणाल्या. "त्यांच्या गाडीतून तिला मुंबईच्या मोठ्या संस्थेत पाठवते. तिथे डॉक्टर आहेत, दवाखाना आहे. इथे पोर माझ्या डोळ्यांदेखत वाळत चाललीय."

"ती माझी आहे," मी म्हटलं.

"अजून झाली कुठे, बाळ?" बाई म्हणाल्या. रागावून नाही, अगदी हळू. पण ते खरं होतं, आणि खरं असल्यामुळे मला फार लागलं. उलटा घास मला मिळालेला नव्हता.

पौर्णिमा जवळ आली होती. मी धाकटीवर पाळत ठेवली, म्हणजे हिला हवं तरी काय ते कळावं. आणि मला एक दिसलं. रोज सकाळी ठरावीक वेळी ती माझा काठ सोडून कुंपणाकडे पळायची. आधी मला वाटलं ट्रक बघायला जाते. पण ट्रक गेले तरी ती तिथेच. मग नवापूरची एक कोळीण डोक्यावर सुक्या मासळीची टोपली घेऊन बोईसरच्या बाजाराला जाताना दिसायची. ही कुंपणाच्या काठीला नाक लावून उभी राहायची, आणि कोळीण पुढे निघून गेली तरी वास येत राहील तोवर हलायची नाही. कोळणीकडे ती बघतही नव्हती. तिचे डोळे मिटलेले असायचे.

दुसऱ्या दिवशी मी फाटकाबाहेर जाऊन कोळणीला अडवलं. "मावशी, आमच्याकडे एक मुलगी आहे, ती जेवत नाही," म्हणून सांगितलं.

"कुठची हाय?"

"घिवलीची."

मावशीने कुंपणातल्या त्या भुऱ्या केसांकडे पाहिलं आणि टोपली खाली उतरवली. "आमचे बाजूची पोर तुमी वरणभातावर ठेवलीव?" ती म्हणाली आणि हसायला लागली. मग सुक्या बोंबलांची एक चांगली मोठी मूठ पळसाच्या पानात गुंडाळून माझ्या हातात दिली. "भाजून दे. नाय खाल्लं तर मला सांग."

मी पुडी परकराच्या आत लपवून आत आले आणि मग माझ्या लक्षात आलं की पुढे काय करायचं याचा मी काहीच विचार केलेला नाही. दुपारी बाई पोथी वाचायला बसल्या की न्हाणीघराच्या चुलीवर बोंबील भाजता आले असते. पण दुपारपर्यंत ते ठेवायचे कुठे? दुसऱ्या दिवशी शेठ येणार म्हणून आश्रमात झाडलोट चालली होती. ट्रंका उघडून उन्हात ठेवलेल्या, गाद्या बाहेर काढलेल्या, कोठीघरात बाई स्वतः पदर खोचून उभ्या. झाडलोट झालेली एकच जागा होती, प्रार्थनेची खोली. तिथे पेटी होती. तिची वरची नक्षीदार फळी उचलली की आत बरीच मोकळी जागा असते, हे मला ताईच्या शेजारी बसून माहीत होतं. प्रार्थना संध्याकाळी. तोवर बोंबील पोटात गेलेले असतील. मी बोंबलांचे तुकडे केले, आत अंथरले, फळी लावली आणि स्वतःच्या अकलेवर खूश होऊन बाहेर आले.

तासाभरात फाटकाशी मोटार थांबली. शेठना तारापूरला काही काम निघालं होतं, म्हणून ते एक दिवस आधीच आले होते.

सगळी धावाधाव झाली. मुलींना तोंडं धुवायला पिटाळलं, सतरंजी अंथरली, आणि शेठ आले की आधी प्रार्थना हा शिरस्ता असल्यामुळे सगळ्या जणी खोलीत जाऊन बसल्या. मी ताईला खुणा करत होते. ताईला वाटलं मला शिंक येतेय. बाईंनी डोळे वटारून मला खाली बसवलं. धाकटी माझा काठ धरून शेजारी बसली. शेठ पांढऱ्या टोपीत, हात जोडून, डोळे मिटून समोर. दाराशी तिची छोटी ट्रंक बांधून ठेवलेली मला दिसली. एक दिवस आधी आले म्हणून जाणं काही टळणार नव्हतं.

ताईने भाता मारला आणि सूर धरला. पेटीतून वारा सुटला आणि त्याबरोबर बोंबीलही सुटले. असा वास मी आयुष्यात पुन्हा घेतला नाही. पहिल्या ओळीला पुढच्या मुलींची डोकी हलली. दुसऱ्या ओळीला मागच्या मुली फिसफिसायला लागल्या. डोंगरातली मुलगी प्रार्थना सोडून तोंडाला सुटलेलं पाणी गिळत होती. ताईला काय चाललंय ते कळेना, ती जोरजोरात भाता मारायला लागली, आणि ती जितकी जोरात मारी तितका घमघमाट वाढे. एका पट्टीखाली बोंबलाचा तुकडा अडकला असावा, कारण एक सूर वाजायला लागला तो थांबेचना. शेठनी एक डोळा उघडला. बाईंनी पदर नाकाला लावला. आश्रमाची मांजर खिडकीतून आत आली, सरळ पेटीवर चढून बसली आणि म्याव म्हणाली.

तेवढ्यात माझ्या परकराचा काठ सुटला. धाकटी उठली. सगळ्यांच्या मधून चालत पेटीपाशी गेली, मांजरीला बाजूला ढकललं, फळीच्या नक्षीला नाक लावलं आणि मोठ्याने म्हणाली, "बोंबील हायत."

आश्रमात आल्यापासूनचे तिचे हे पहिले शब्द. कुणी हसलं नाही. तिने वळून सगळ्यांकडे पाहिलं, कुणालाच कळलं नाही असं समजून पुन्हा सांगितलं, "आत बोंबील हायत. आमचे घरचे वानी." आणि मग तिने माझ्याकडे बोट केलं आणि विचारलं, "ताय, मला देशील?"

मी उभी राहिले. सगळं सांगून टाकलं, कोळीण मावशीपासून पेटीपर्यंत. शेवटी म्हटलं, "मला हवी ती शिक्षा करा, पण तिला खाल्ल्याशिवाय गाडीत घालू नका." बाईंच्या पदराआडून आवाज आला. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. आणि त्या हसतायत हे बघितल्यावर सगळी खोली हसायला लागली, ताई तर पेटीवर डोकं ठेवून.

शेठ मात्र उठून व्हरांड्यात गेले. तिथे त्यांनी मोठा श्वास घेतला, रुमालाने तोंड पुसलं आणि बाईंना बोलावलं. आम्ही दाराआड कान लावून उभ्या.

"बाई, माझ्या धान्याच्या चुलीवर हे शिजायचं नाय," ते म्हणाले.

"नाही शिजणार," बाई म्हणाल्या.

शेठनी दाराशी बांधून ठेवलेल्या ट्रंकेकडे पाहिलं. मग म्हणाले, "चिंचेखालची चूल माझी नाय. तिथे काय शिजतं ते मला दिसत नाय. मी गाडीत बसतो. पोर खाते का ते मला येऊन सांगा, मग मी निघतो." आणि ते खरोखरच जाऊन मोटारीत बसले, काचा वर करून.

चिंचेखाली दगड मांडून चूल केली. ताईने आणि डोंगरातल्या मुलीने बोंबील भाजले, कांदा चिरला, मिरची कुटली. तांदळाची भाकरी स्वयंपाकघरातून बाईंनी स्वतः आणून दिली. जन्मात कधी मासळीकडे न बघितलेल्या बाई वाऱ्याच्या उलट बाजूला पाट टाकून बसल्या आणि नाकाला पदर लावून हुकूम सोडत राहिल्या, "काटा बघा गं, पोरीला काटा लागेल." बोंबलाला तसला काटा नसतो, पण त्यांना ते सांगायचं धाडस कुणी केलं नाही.

मी घास केला आणि तिच्या तोंडाशी नेला. तिने तोंड उघडलं. असं उघडलं की माझी बोटं दिसेनाशी झाली. दुसरा घास तिने माझ्या हाताची वाट न बघता घेतला, तिसऱ्याला ताटच ओढलं. बाईंनी डोळे पुसले आणि इमारतीच्या कोपऱ्यावर जाऊन ड्रायव्हरला हाताने खूण केली. मोटार सुरू झाली. ट्रंक व्हरांड्यातच राहिली.

मी तिच्यासमोर मांडी घालून बसले होते. उलटा घास मागायचा नसतो, आणि मागायला मला अवघडही वाटत होतं. निम्मी भाकरी झाल्यावर ती थांबली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुजे घरी काय करतात?"

हा प्रश्न मला आश्रमात कुणी कधी विचारला नव्हता. सगळ्यांना माहीत होतं.

"माझं घर हेच," मी म्हटलं.

"ह्याचे आदी?"

"आधी काही नव्हतं. मला ठाऊक नाही."

ती चावत राहिली. मग तिने भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर बोंबील ठेवला, गुडघ्यांवर उठून माझ्या तोंडाशी धरला आणि म्हणाली, "मग तुजे घरी पण बोंबील."

मी तो घास घेतला. खारट, तिखट, उग्र. गिळवत नव्हता आणि थुंकणं शक्यच नव्हतं. आणि मला रडू फुटलं. ज्यांना मी कधी पाहिलं नव्हतं, ज्यांच्या घरी काय शिजत असे ते मला कधी कळणार नव्हतं, त्यांच्यासाठी मी पहिल्यांदा रडले, चांगली हुंदके देऊन. त्यातच कसंबसं म्हटलं, "ही माझी." चिंचेखाली टाळ्या वाजल्या. बाईंनीही वाजवल्या, त्यासाठी नाकावरचा पदर सोडून.

पेटीचा वास पुढे कितीतरी दिवस गेला नाही आणि मांजर प्रार्थना चुकवेनाशी झाली. नव्या मुलीला बाई आधी नाव विचारायच्या. आता त्या आधी तिच्या घरी काय करतात ते विचारायला लागल्या, आणि चिंचेखालची चूल बहुतेक पेटलेलीच असायची.

माझं लग्न ठरलं तेव्हा सासरच्यांना सगळं सांगितलेलं होतं. माप ओलांडून आत गेल्यावर पहिल्याच जेवणाला सासूबाईंनी वाढता वाढता, इतर सुनांना विचारतात तसं, सहज विचारलं, "तुमच्या माहेरी काय करतात गं?" आणि विचारल्यावर त्यांना आठवलं. त्यांचा हात थांबला, पंगतीतल्या बायका पानाकडे बघायला लागल्या. सासूबाईंचा चेहरा असा झाला की मलाच त्यांची दया आली.

"आमच्याकडे बोंबील करतात," मी म्हटलं.